जखमेशेजारची मोजपट्टी

१९७९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील मायामीच्या न्यायालयात ज्युरीसमोर एक मोठे केलेले छायाचित्र मांडण्यात आले. त्यात माणसाच्या कातडीचा एक भाग, त्यावर दातांच्या खुणा आणि शेजारी एक साधी मोजपट्टी होती. खटला टेड बंडी याच्यावरचा. जानेवारी १९७८ मध्ये टॅलाहासी येथे विद्यार्थिनींच्या निवासात शिरून दोन तरुणींचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर होता. व्रण असलेला कातडीचा नमुना शवविच्छेदनाच्या वेळी काढून ठेवला होता. पण तो नीट टिकला नाही आणि तुलनेच्या कामाचा उरला नाही. उरले ते हे छायाचित्र. त्यात मोजपट्टी होती म्हणूनच ते मूळ आकाराइतके मोठे करता आले. दंतवैद्य रिचर्ड सूव्हिरॉन यांनी बंडीच्या दातांची आकृती असलेला पारदर्शक कागद त्यावर ठेवला आणि दोन्ही जुळतात असे ज्युरीला दाखवले.

बंडी दोषी ठरला, आणि तो दोषी होता याविषयी आज कोणाला शंका नाही. निकाल बरोबर लागल्यामुळेच पुढचा घोटाळा झाला. त्या एका निकालातून अमेरिकेतील सरकारी वकिलांचा असा समज झाला की पट्टी ठेवून काढलेल्या छायाचित्रावरून जखम कोणी केली हे सांगता येते. ती पट्टी खरोखर काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे समजायला त्यानंतर सुमारे ३० वर्षे लागली. मधल्या काळात काही निरपराध माणसे तुरुंगात होती.

हा धागा त्या मोजपट्टीचा आहे.

छायाचित्रावरून मोजमाप करण्याची कल्पना न्यायवैद्यकातून आलेली नाही, ती इमारतींच्या मोजणीतून आली. १८५८ मध्ये आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण जर्मन स्थापत्यविशारद वेट्झलार येथील कॅथेड्रलची मापे घेत होता. उंचावर काम करताना तोल जाऊन तो पडता पडता वाचला. भिंतीला लटकून मापे घेण्यापेक्षा इमारतीची छायाचित्रे काढून त्यांवरूनच ती घेता येणार नाहीत का, असा विचार त्याच्या मनात आला. पुढे त्याने या विद्येला ‘फोटोग्रॅमेट्री’ हे नाव दिले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये एमे लोसदा हा लष्करी अभियंता छायाचित्रांवरून नकाशे तयार करत होता. तत्त्व तसे साधे आहे. एकच बिंदू दोन वेगळ्या जागांवरून टिपलेल्या चित्रांत दिसत असेल, आणि कॅमेरा कुठे होता व त्याचे भिंग कसे होते हे ठाऊक असेल, तर त्या दोन जागांवरून निघणाऱ्या रेषा जिथे छेदतात तिथे तो बिंदू असतो. मोजणीदार शेतात फळी मांडून जे करतो तेच इथे काचेवर करायचे.

हे तंत्र पोलिसांच्या हाती पद्धतशीरपणे दिले ते आल्फोन्स बेर्तियाँ याने. पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात १८७९ मध्ये तो कारकून म्हणून लागला. बापाच्या वशिल्याने मिळालेली नोकरी, काम गुन्हेगारांची वर्णने कागदावर उतरवण्याचे. ‘मध्यम बांधा, साधारण नाक’ अशा नोंदींनी भरलेल्या हजारो कागदांतून एकही माणूस ओळखता येत नाही, हे पाहून तो वैतागला आणि त्याने माणसेच मोजायला घेतली. डोक्याची लांबी-रुंदी, मधले बोट, डावे पाऊल, कोपरापासून हाताच्या टोकापर्यंतचे अंतर. १८८३ मध्ये या मापांवरून पहिला सराईत गुन्हेगार ओळखला गेला. अटक झालेल्या माणसाचे समोरून आणि बाजूने छायाचित्र घेण्याची आजही जगभर चालू असलेली रीत त्यानेच घालून दिली. त्यातही हिशेब होता. खास बनवलेली खुर्ची, कॅमेऱ्याचे ठरलेले अंतर, आणि प्रतिमा मूळ आकाराच्या बरोबर एकसप्तमांश.

भारताचा या गोष्टीशी संबंध इथे पहिल्यांदा येतो. बंगाल पोलिसांनी १८९० च्या दशकात बेर्तियाँची मापनपद्धती स्वीकारली, आणि ती मापे घेणाऱ्यागणिक बदलतात हे लवकरच त्यांच्या ध्यानात आले. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले, त्यामागे हा अनुभव होता. ते वर्गीकरण प्रत्यक्षात बसवणारे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांना त्याचे श्रेय फार उशिरा मिळाले, पण तो निराळ्या धाग्याचा विषय.

मापनपद्धती मागे पडली तरी बेर्तियाँचे छायाचित्रण टिकले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने खुनाच्या जागेची ‘मापनक्षम’ छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची ठरलेली, भिंग ठरलेले. आणि छायाचित्र ज्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे त्याच्या कडांवर अंतराच्या खुणा आधीच छापलेल्या. त्या खुणांवरून खोलीतील पलंग भिंतीपासून किती दूर होता हे नंतर कोणालाही काढता येई. मृतदेहासाठी तो उंच ट्रायपॉडवरून कॅमेरा थेट खाली रोखत असे. त्या काळच्या काही छायाचित्रांत मृतदेहाच्या दोन्ही बाजूंना ट्रायपॉडचे पाय दिसतात. कॅमेरा असा वर का चढवायचा? मृतदेह तिरकस पाहिला तर जवळचा भाग मोठा आणि दूरचा लहान दिसतो. काटकोनातून पाहिले तर माप सर्वत्र सारखे राहते. पुढच्या १०० वर्षांतील सगळ्या मार्गदर्शिकांत हा एक नियम सापडतो.

बेर्तियाँचा स्वभावही इथे नोंदवायला हवा. ड्रेफस प्रकरणात हस्ताक्षराचा तज्ज्ञ नसताना त्याने मापांची आणि जाळीदार आकृत्यांची मोठी आरास मांडली आणि निरपराध माणसाविरुद्ध साक्ष दिली. १९०४ मध्ये गणितज्ञांच्या समितीने ती साफ खोडून काढली. खोली अचूक मोजणारा तोच, आणि मापांच्या जोरावर भलताच निष्कर्ष काढणाराही तोच.

आता जखमेकडे. खोलीची भिंत हलत नाही. कातडी मात्र हलते, ताणते, सुजते, आक्रसते. ही गोष्ट कॅमेऱ्याच्या आधीपासून माहीत होती. १८३० च्या दशकात पॅरिसचे शल्यचिकित्सक दुप्युत्राँ यांनी स्वतःच्या छातीत आरी खुपसून घेतलेल्या एका माणसाच्या जखमा पाहिल्या. आरीचे टोक गोल होते, मग भोकेही गोल असायला हवी होती. प्रत्यक्षात त्या जखमा लांबट चिरांसारख्या होत्या, जणू चपट्या पात्याने केलेल्या. पुढे १८६१ मध्ये व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लांगर यांनी मृतदेहांवर गोल अवजाराने शेकडो छिद्रे पाडून पाहिली. प्रत्येक भागात छिद्रे ठरावीक दिशेने ताणली जाऊन लांबट होत होती. कातडीला स्वतःचा ताण असतो, आणि त्या ताणाच्या दिशा शरीरभर रेषांसारख्या पसरलेल्या असतात. शस्त्रक्रियेत छेद कोणत्या दिशेने घ्यायचा हे ठरवताना त्या ‘लांगर रेषा’ आजही विचारात घेतात.

न्यायालयाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर होता. एकच सुरा ताणाच्या रेषेला समांतर घुसला तर जखम अरुंद राहते, आडवा घुसला तर ती उघडून रुंद होते. पात्याची रुंदी आणि जखमेची लांबी यांची जुळणी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे ठाऊक असायला हवे. आपल्याकडच्या जखमी प्रमाणपत्रांत लांबी, रुंदी, खोली असे आकडे लिहिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कापलेली जखम, चेचून फाटलेली जखम, भोसकल्याची जखम, मुका मार, खरचटणे अशी त्यांची वर्गवारीही ठरलेली आहे. पण मोजमाप घेताना कातडी कोणत्या स्थितीत होती, हे त्या कागदावर क्वचितच असते.

छायाचित्राने हा प्रश्न सुटला का? अर्धाच सुटला. डॉक्टरने एकदा मोजून लिहिलेला आकडा पुन्हा तपासता येत नाही, कारण जखम भरते किंवा देह दहनाला जातो. छायाचित्रातली जखम वर्षांनंतरही दुसऱ्या तज्ज्ञाला मोजता येते. त्यासाठी चित्रात पट्टी हवी, आणि ती नेमकी जखमेच्याच पातळीवर हवी.

हे शेवटचे वाक्य वरवर क्षुल्लक वाटते. थोडा हिशेब करून पाहावा. कॅमेरा जखमेपासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि पट्टी जखमेपेक्षा १ सेंटिमीटर वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ धरली आहे. जवळची वस्तू मोठी दिसते. पट्टी सुमारे साडेतीन टक्क्यांनी मोठी उमटेल आणि तिच्या आधाराने मोजलेली जखम तितकीच लहान निघेल. खरा व्रण ३० मिलिमीटरचा असेल तर तो २९ भरेल. कॅमेरा ३० अंशांनी कलला तर एका दिशेचे माप सुमारे १३ टक्क्यांनी आखूड होते. दातांच्या खुणा जुळवणारे तज्ज्ञ मिलिमीटरच्या अंशांवर वाद घालत होते, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचायला हवेत.

बंडी खटल्यानंतर चाव्याच्या व्रणांची प्रकरणे वाढली, तशी कोणी शालेय पट्टी ठेवायचे, कोणी नाणे, कोणी काहीच नाही. तेव्हा दंतवैद्य थॉमस क्राऊस आणि मापनासाठीच्या छायाचित्रणाचे अभियंते विल्यम हायझर यांनी एक खास पट्टी तयार केली. १९८८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. अमेरिकन बोर्ड ऑफ फॉरेन्सिक ओडोन्टॉलॉजी या संस्थेच्या नावाने ती ‘एबीएफओ क्रमांक २’ म्हणून ओळखली जाते. टीव्हीवरच्या गुन्हेमालिकांत मृतदेहाशेजारी दिसणारी ती काळी-पांढरी काटकोनी पट्टी हीच.

तिची रचना खरोखर हुशारीची आहे. दोन भुजा काटकोनात असल्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्ही दिशांची मापे एकाच चित्रात मिळतात. तिच्यावर तीन वर्तुळे आहेत. कॅमेरा अगदी काटकोनात असेल तर ती चित्रात वर्तुळेच राहतात. कॅमेरा कलला की त्यांची लंबवर्तुळे होतात. किती चपटी झाली यावरून कल किती होता हे काढता येते आणि चित्र दुरुस्त करता येते. म्हणजे छायाचित्रकाराची चूक छायाचित्रातच नोंदली जाते. बेर्तियाँच्या पुठ्ठ्यावरच्या खुणांना जे जमले नव्हते ते या हातभर अंतरावरून वापरायच्या छोट्या पट्टीने केले.

पण दुरुस्त होतो तो फक्त कॅमेऱ्याचा दोष. कातडीने केलेला बदल पट्टीला दिसत नाही.

डिसेंबर १९९१ मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स शहरात एका मद्यगृहात काम करणाऱ्या स्त्रीचा खून झाला. शरीरावर चाव्याचे व्रण होते. संशय आला तो रे क्रोन या टपालखात्यातील कर्मचाऱ्यावर. त्याच्याविरुद्ध पूर्वीचा एकही गुन्हा नव्हता. पोलिसांनी त्याला थर्मोकोलचा पेला चावायला लावला. त्याचे पुढचे दात वाकडे होते. वर्तमानपत्रांनी त्याला लगेच टोपणनाव दिले. खटल्यात सरकारी तज्ज्ञाने दातांचा साचा आणि व्रण एकमेकांवर ठेवलेली चित्रफीत ज्युरीला दाखवली. साचा व्रणावर येतो, सरकतो, बसतो. पाहणाऱ्याला शंका घ्यायला जागाच उरत नाही. १९९२ मध्ये क्रोनला मृत्युदंड झाला.

ती चित्रफीत बचाव पक्षाला अगदी ऐन वेळी दिली होती. या कारणावरून ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. १९९६ मध्ये दुसऱ्या ज्युरीनेही त्याला दोषी ठरवले. या वेळी बचाव पक्षाचे दंततज्ज्ञही होते, तरीही. खऱ्या गुन्हेगाराविषयी मनात शंका उरते असे म्हणत न्यायाधीशांनी मृत्युदंडाऐवजी जन्मठेप दिली. २००२ मध्ये पीडितेच्या कपड्यांवरील डीएनए तपासला गेला. तो क्रोनचा नव्हता. घटनास्थळाजवळच राहणाऱ्या आणि दुसऱ्या गुन्ह्यात आधीच तुरुंगात असलेल्या एका माणसाचा होता. क्रोन सुटला तेव्हा त्याच्या आयुष्यातील १० वर्षांहून अधिक काळ गेला होता.

हा खटला नीट पाहिला तर घोटाळा नेमका कुठे झाला ते दिसते. व्रणाचे माप चुकले म्हणून क्रोन अडकला नाही. बरोबर मापांचे दोन आकार एकमेकांवर बसतात, याचा अर्थ एक आकार दुसऱ्यानेच केला असा घेतला गेला. तसे म्हणण्यासाठी दोन गोष्टी आधी सिद्ध व्हायला हव्या होत्या: प्रत्येक माणसाच्या दातांची मांडणी निराळी असते, आणि कातडी ती मांडणी जशीच्या तशी धरून ठेवते. यांतली दुसरी गोष्ट लांगरच्या प्रयोगांनंतर कोणी गृहीत धरायलाच नको होती.

ती तपासणारे नव्हते असेही नाही. १९७१ मध्ये डीव्होर नावाच्या संशोधकाने जिवंत माणसांच्या कातडीवर शाईचे वर्तुळाकार शिक्के उमटवले आणि त्यांना निरनिराळ्या स्थितीत बसवून-वळवून छायाचित्रे घेतली. हात वळला की वर्तुळ बदलत होते, आणि बदल बारीकसारीक नव्हता. बंडी खटल्याच्या आठ वर्षे आधी हे छापून आले होते. पुढे न्यूयॉर्क राज्यातील बफेलो विद्यापीठात मेरी बुश आणि पीटर बुश यांच्या गटाने मृतदेहांवर एकाच दातांच्या साच्याने अनेक चावे उमटवले. एकाच साच्याचे व्रणसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हते. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने न्यायसहायक विज्ञानांचा जो अहवाल दिला, त्यात कातडीची लवचीकता, सूज आणि भरून येणे यांमुळे चाव्याच्या व्रणावरून व्यक्ती ओळखण्याला पुरेसा आधार नाही असे नोंदवले गेले. २०१६ मध्ये टेक्सासच्या न्यायसहायक आयोगाने असा पुरावा न्यायालयात थांबवावा अशी शिफारस केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०२३ च्या आढाव्यात तेच म्हटले.

याच काळात युरोपात एक निराळी वाट दिसते. झुरिक कॅंटनच्या पोलिसांना छायाचित्रमापनाची सवय जुनी होती. रस्त्यावरच्या अपघातांची नोंद ते जोडकॅमेऱ्यांनी दशकानुदशके करत होते. नव्वदच्या दशकात बर्न विद्यापीठाचे न्यायवैद्यकतज्ज्ञ रिशार्ड डिर्नहोफर, मिखाएल थाली आणि झुरिक पोलिसांतील वाल्टर ब्रुश्वायलर यांनी ती पद्धत जखमांसाठी वापरली. शरीरावर छोट्या खुणा चिकटवायच्या, जखमेची अनेक बाजूंनी छायाचित्रे घ्यायची आणि संगणकात तिचे त्रिमितीय प्रतिरूप उभे करायचे. हातोडी, बुटाचा तळ, काठी यांचेही तसेच प्रतिरूप करायचे आणि दोन्ही एकमेकांशी फिरवून पाहायची. शरीर वक्र असते, सपाट पट्टी त्याच्यावर नीट बसत नाही, हा जुना अडथळा यात दूर होतो. तरीही या पद्धतीतले सर्वांत भक्कम उत्तर बहुधा नकारार्थी असते: ही जखम या हातोडीने झालेली असणे शक्य नाही. मोजमापाने एखादी शक्यता खोडणे सोपे असते. अमुकच, दुसरे कोणी नाही, असे म्हणणे फार महाग पडते.

भारतात चाव्याच्या व्रणांचा पुरावा सर्वांत ठळकपणे पुढे आला तो २०१२ च्या दिल्लीतील निर्भया प्रकरणात. पीडितेच्या शरीरावरील व्रणांची छायाचित्रे आणि आरोपींच्या दातांचे साचे धारवाडच्या एसडीएम दंत महाविद्यालयात पाठवण्यात आले. ५ मे २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेथील अहवाल स्वीकारला. त्या खटल्यात पीडितेचे मृत्युपूर्व जबाब होते, जखमी सोबत्याची साक्ष होती, डीएनए आणि बोटांचे ठसे होते. दोषसिद्धी व्रणांवर टेकलेली नव्हती. पण पुढच्या एखाद्या खटल्यात एवढे सगळे नसेल आणि व्रणच असतील, तर त्या निकालाकडे दाखला म्हणून बोट दाखवले जाईल. मायामीत नेमके तेच घडले होते, त्यामुळे ही काळजी काल्पनिक नाही.

इथवर वाचून जखमेचे छायाचित्रण म्हणजे फसवी विद्या असा समज झाला तर ते चूक ठरेल. कोणी मारले हा प्रश्न बाजूला ठेवून, मारले होते का आणि किती, एवढेच विचारायचे असेल तेव्हा पट्टीसह छायाचित्रासारखा साक्षीदार नाही. कोठडीतील मृत्यू आणि छळ यांत भांडण बहुधा याच प्रश्नावर असते. तुर्कीतील डॉक्टर आणि मानवाधिकार संघटनांच्या पुढाकाराने १५ देशांतील ७५ हून अधिक तज्ज्ञांनी तयार केलेला ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे सादर झाला. छळाच्या खुणा लवकर पुसट होतात, म्हणून मिळेल त्या कॅमेऱ्याने लगेच रंगीत छायाचित्रे घ्या, साधे चित्रही चित्र नसण्यापेक्षा बरे, असा त्याचा व्यवहारी सल्ला आहे.

आपल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याच्याही आधी, १० ऑगस्ट १९९५ रोजी, राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कोठडीतील मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे असे सुचवले. कारणही पत्रात स्पष्ट होते: पोलिसांच्या दबावाखाली अहवालांत फेरफार होतो असे आयोगाला वाटत होते. १९९७ मध्ये आयोगाने शवविच्छेदनाचा नमुना-अर्जही दिला. आयोगाच्या चित्रीकरणविषयक सूचना वाचताना बेर्तियाँ आणि क्राऊस दोघेही आठवतात. संपूर्ण देहाची २० ते २५ रंगीत छायाचित्रे घ्यावीत, त्यांतील काही कपडे न काढता. शवविच्छेदनाचा क्रमांक, तारीख आणि मोजपट्टी छायाचित्राच्या चौकटीतच यावी. कॅमेरा विषयाशी काटकोनात धरावा. चित्रीकरण करणारा या कामात प्रशिक्षित असावा.

पट्टी असलेली जखमच मोजते. नसलेल्या जखमेचे काय, हा प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवरच उभा राहिला होता. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. वैद्यकीय तपासणीत शरीरावर जखमा आढळल्या नाहीत. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडताना या गोष्टीला वजन दिले. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे संमती. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिशिक्षकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या आंदोलनाने १९८३ मध्ये कायदा बदलायला लावला. जखमा नसणे म्हणजे संमती नव्हे, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेत स्पष्टपणे छापून यायला मात्र २०१४ साल उजाडले.

कधी जखम असते, पण कॅमेऱ्याला दिसत नाही. मुका मार गोऱ्या कातडीवर निळा-जांभळा उठून दिसतो. सावळ्या कातडीवर तो साध्या प्रकाशात हरवतो. पाठ्यपुस्तकांतील रंगीत चित्रे बहुतांशी गोऱ्या कातडीची, त्यामुळे विद्यार्थ्याची नजरही तशीच घडते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वेगवेगळ्या वर्णांच्या स्वयंसेवकांवर नियंत्रित रीतीने मुका मार उमटवून तो निरनिराळ्या प्रकाशात पाहिला गेला. जांभळ्या-निळ्या छटेच्या ठरावीक प्रकाशात पिवळ्या गाळणीतून पाहिल्यास तो साध्या प्रकाशापेक्षा पाचपट अधिक वेळा दिसला. भारतातल्या तालुक्याच्या रुग्णालयात असा दिवा असणे ही आज तरी दूरची गोष्ट आहे. ज्या देशात बहुतेकांची कातडी सावळी, तिथे हे उपकरण चैनीचे मानले जावे, हे विचित्रच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे आणि पुरावा गोळा करण्याचे चित्रीकरण मोबाइलवर किंवा अन्य उपकरणाने व्हावे, अशी तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणण्यासाठी पाच वर्षांची मुदत मिळाली. म्हणजे लवकरच जखमांची छायाचित्रे आतापर्यंत कधी नव्हती इतकी जमा होतील, आणि त्यांतील बरीचशी हाताने धरलेल्या मोबाइलने घेतलेली असतील. मोबाइलचे भिंग जवळून रुंद कोनात पाहते, त्यामुळे अगदी जवळ नेला की चौकटीच्या कडांकडचे आकार ताणले जातात. थोडे मागे जाऊन, काटकोनात, पट्टी जखमेच्या पातळीला टेकवून, आधी पट्टीशिवाय आणि मग पट्टीसह अशी दोन चित्रे घेतली, तर जुन्या शिपायाच्या हातातल्या मोबाइलचेही चित्र १० वर्षांनी दुसऱ्या तज्ज्ञाला मोजता येईल. पट्टीशिवायचे चित्र यासाठी, की पट्टीखाली काही झाकले गेले होते का, असा प्रश्न उलटतपासणीत येतो. एबीएफओ क्रमांक २ सारखी पट्टी छापील प्लास्टिकची असते आणि शाळकरी कंपासपेटीपेक्षा फार महाग पडत नाही.